वाळ्यांचं टपाल

हणमंतअण्णांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत कायम खरचटलेला असायचा. बेंगळूरूत बसवनगुडीच्या अंगाला असलेल्या आमच्या छोट्याशा टपाल कचेरीत ते पोस्टमास्तर होते. पोस्टमनने दारावरची लाल पेटी रिकामी करून आणली तरी अण्णांचा विश्वास बसत नसे. ते स्वतः किल्ली घेऊन जायचे, पेटीचं दार उघडायचे आणि आत हात घालून थेट वरच्या फटीपर्यंत चाचपून बघायचे. पत्र्याची कड लागायची, हात सोलवटायचा. महिन्या-दोन महिन्यांतून एखादं कार्ड खरोखरच वर अडकलेलं निघायचं. मग त्यांचा चेहरा असा उतरायचा, जणू घरातलंच कुणी उपाशी राहिलंय. "बघ की सुमती, हे बिचारं कवापासनं लटकलंय कोण जाणे," असं म्हणत ते त्या कार्डावरची धूळ धोतराच्या टोकाने पुसायचे.

मी तिथे लागले ती अठ्ठावन्न-एकोणसाठच्या सुमारास, खिडकीवरची कारकून म्हणून. कचेरीचा कारभार सगळा कन्नडमध्ये चाले. मराठी बोलणारी आम्ही दोघंच. अण्णांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर खाली आलं आणि इथलंच झालं. त्यांच्या मराठीत थोड्यासाठी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' इतके मुरले होते, की ते शब्द कन्नड आहेत हे त्यांना सांगावं लागे. आमचं घरही तसंच. पण मी दोन वर्षं पुण्याला मावशीकडे शिकून आले होते, त्यामुळे मला शुद्ध बोलण्याची उगीच घमेंड होती. अण्णा मला गिऱ्हाइकांसमोर 'सुमतीबाई' म्हणत, एरवी 'सुमती', आणि जीव घाबरा झाला की 'सुमे'. त्यांचा जीव बहुतेक वेळ घाबराच असे. कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत यायचे. लाख वितळवायची मेणबत्ती विझवली होती ना, हे बघायला. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. ती म्हणे, "ह्यांना एखाद दिवशी काळजी करायला काही मिळालं नाही तर त्याचीच काळजी लागते."

पण कामात हा माणूस देवासारखा होता. 'बेंगळूरू, विहिरीजवळच्या रामण्णास' एवढाच पत्ता असलेलं एक कार्ड एकदा आमच्याकडे आलं. दुसऱ्या कुणी ते परत धाडलं असतं. अण्णांनी ते नऊ दिवस खिशात बाळगलं, दिसेल त्या विहिरीशी सायकल थांबवली आणि दहाव्या दिवशी रामण्णा शोधून काढला. मी म्हटलं, "अण्णा, पत्ता अपुरा होता. परत पाठवलं असतं तर कोण विचारणार होतं?" ते म्हणाले, "टपाल आपलं नव्हे पोरी, आपण टपालाचे. ज्यानं लिवलं त्यानं आपल्यावर भरवसा ठेवलाय." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल. तेव्हा मला ते फार थोर वाटायचं.

आमच्या समोर पीटर नावाचा एक मेकॅनिक मोटारी दुरुस्त करायचा. दिलदार, हसरा माणूस. रविवारी मित्रांबरोबर बंदूक घेऊन तळ्यांवर बदकं मारायला जायचा. त्या दिवसांत परवाना काढला की हंगामात त्याला कुणाची आडकाठी नसे. एका जानेवारीत, सोमवारी सकाळी तो खिडकीशी आला आणि तेलकट तळहात उघडून अण्णांना कन्नडमध्ये म्हणाला, "सार, हे काय असेल? काल एका छोट्या बदकाच्या पायात होतं."

अ‍ॅल्युमिनियमचा एक वाळा होता. हलका, तान्ह्या पोराच्या बोटात बसेल एवढा. त्यावर एक आकडा कोरलेला आणि रोमन अक्षरांत एकच शब्द: मॉस्क्वा, म्हणजे मॉस्को. अण्णांनी भिंग लावून तो तीनदा वाचला. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "सुमे, पत्ता आहे की हा. पत्ता आहे म्हंजे हे टपालच आहे."

घर नाही, गल्ली नाही, नुसतं शहर. अण्णांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. रामण्णा सापडला, तर हेही सापडेल. माझं इंग्रजी अक्षर वळणदार, म्हणून पत्र मी लिहिलं: अमुक आकड्याचा वाळा अमुक ठिकाणी मिळाला, सोबत पाठवत आहोत, पोच द्यावी. वाळा कापसात गुंडाळून डबीत घातला. डबीवर अण्णांनी लाखेची मोहोर इतकी लावली, की उघडणाऱ्याने आम्हाला शिव्याच घातल्या असतील.

जूनमध्ये उत्तर आलं. छापील कार्ड, त्यावर रंगीत तिकिटं. तो पक्षी सायबेरियातल्या एका सरोवराकाठी पकडून, वाळा घालून सोडला होता. कार्डावर त्याचं इंग्रजी नाव होतं. अण्णांनी वाचनालयातून पुस्तक आणून शोधलं. लहानसं बदक, नराच्या डोळ्यावरून मानेपर्यंत पांढरीशुभ्र भुवई. मराठी नाव आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही त्याला भुवईवालं म्हणू लागलो. उन्हाळ्यात तिकडे उत्तरेत अंडी घालतात, तिथलं पाणी गोठायच्या आधी निघतात आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. इतर बदकांच्या आधी येतात आणि बऱ्याच जणांनंतर जातात. येताना नरसुद्धा मादीसारखाच मातकट असतो. भुवई पुढे हिवाळ्यात उगवते. हे सगळं अण्णा मला शिक्के मारता मारता सांगत. "तीन हजार मैल," ते म्हणत, "आणि आपली पिशवी इथनं मैसूरला जाताना चुकते."

पीटरने ते कार्ड चौकटीत बसवून गॅरेजच्या भिंतीवर लावलं. त्याच्या मित्रांनी पाहिलं. तोवर ठीक होतं. पण अण्णांच्या मनाने घेतलं, की असे किती वाळे लोकांनी फेकून दिले असतील, पोरांनी खेळायला घेतले असतील. तेवढं टपाल बेवारशी पडलं. त्यांनी एका पुठ्ठ्यावर कन्नड आणि इंग्रजीत सूचना लिहिली आणि कचेरीच्या दारात टांगली: पक्ष्याच्या पायातला वाळा मिळाल्यास इथे आणून द्यावा, शिक्क्यासह पावती मिळेल, उत्तर आल्यावर घरपोच केलं जाईल. सूचनेतलं इंग्रजी माझ्या अक्षरात होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात अण्णा एकटेच नव्हते.

त्या हिवाळ्यात वाळे येऊ लागले. आधी एक, मग महिन्यात दोन, मग आठवड्याला. पीटर आणायचा, त्याचे मित्र आणायचे, छावणीकडून कधी न पाहिलेली माणसं मोटारसायकलवरून यायची. अण्णा प्रत्येकाला खुर्ची देत, गोल शिक्का मारून पावती देत. आता उत्तरं महिनाभरातच येऊ लागली होती; कार्ड आलं की स्वतः सायकलवरून पोचवायला जात. घरोघर त्या चौकटी लागल्या, आणि कुणाकडे जास्त यावर पैजा लागू लागल्या म्हणे. अण्णांना त्यातलं काही कळलं नाही. ते खूश होते. मी त्यांना पहिल्यांदाच सलग चार दिवस काळजी न करता पाहिलं.

फेब्रुवारीत एका रविवारी त्यांनी ठरवलं, की हे पाखरू एकदा डोळ्यांनी बघायचं. अक्का, अण्णा आणि मी सकाळच्या बसने निघालो. अक्काने डब्यात मोसरन्न घेतलं होतं, म्हणजे आपला दहीभात. बस जिथे सोडते तिथून अर्धा तास नाचणीच्या शेतांतून चालत आम्ही हुणसेकेरे नावाच्या तळ्याच्या बांधावर पोचलो. पाण्यावर बदकंच बदकं. अण्णांनी उसनी आणलेली दुर्बीण लावली आणि एकाएकी माझा हात घट्ट धरला. "भुवई बघ, सुमे. काढल्यासारखी आहे." नर आवाज करत होते, लाकडी फणीच्या दातांवरून नख ओढावं तसा करकर आवाज. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "आपण ज्यांची पत्रं पोचवली, ती ही." पाऊण तास आम्ही तिघं दुर्बीण आळीपाळीने फिरवत बसलो असू. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या वेळांपैकी ती एक आहे, आणि तिची आठवण काढायला मला अजून भीती वाटते.

कारण मग पलीकडच्या लव्हाळ्यातून बंदुका वाजल्या. सगळं तळं एकदम उडालं. पाण्यात शिरून चौघं जण पडलेली पाखरं गोळा करू लागले. आम्ही बघत होतो. एकेक बदक ते तंगडीने वर उचलत, पाय बघत, आणि चिखलात फेकून देत. दुसरं उचलत, पाय बघत, फेकत. काही अजून फडफडत होती. त्यांतल्या एकाने आम्हाला पाहिलं आणि हात हलवत बांधावर आला. तो पीटर होता.

"सार, तुम्ही इथे," तो आनंदाने म्हणाला. "आज नशीब नाही. सगळी रिकामी."

अण्णांनी विचारलं, "ही खायला नेणार नाहीत?"

"ही?" पीटर हसला. "ह्यांना चिखलाचा वास येतो सार. खायला मोठी बदकं मारतो आम्ही. ही तुमच्यासाठी."

डबा न उघडता आम्ही परतलो. बसमध्ये अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. तिकडेच बघत म्हणाले, "मला वाटलं, खायला मारलेल्यांच्या पायात निघतं तेवढंच ते आणतात. सूचना मी टांगली, सुमे." तिच्यातलं इंग्रजी माझं होतं.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधीच त्यांनी पुठ्ठा काढला. पीटरला बोलावून सगळं सांगितलं. तो खरोखर गोंधळला. "तुम्हीच तर आणायला सांगितलंत सार," तो म्हणाला, आणि त्याचं खरंच होतं. त्याने मात्र त्या दिवसापासून भुवईवाल्यावर बंदूक धरली नाही. बाकीच्यांना ते मान्य नव्हतं. पैजा अर्ध्यात आल्या होत्या. अण्णा एकेकाच्या दारी गेले, हात जोडले. परवाने देणाऱ्या कचेरीतही गेले. तिथे सांगण्यात आलं, की हंगाम चालू आहे, परवाने रीतसर आहेत, आपण आपलं टपाल बघा.

आणि टपालच आलं. लोकांना पत्ता ठाऊक झाला होता; आता त्यांना आमची गरजच नव्हती. पाकिटात वाळा घालायचा, वर नुसतं 'मॉस्को' लिहायचं, मागे आपला नाव-पत्ता घालायचा, तिकीट लावायचं आणि आमच्याच लाल पेटीत टाकायचं. पहिलं पाकीट निघालं तेव्हा अण्णा ते टेबलावर ठेवून दुपारभर त्याच्याकडे बघत बसले. जेवले नाहीत. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "द्या इकडे. मी विहिरीत टाकते. कार्ड आलं नाही, की यांची हौस आपोआप फिटेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी अजून विसरले नाही. "दुसऱ्याचं टपाल तू विहिरीत टाकणार?" एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन दिवस ते पाकीट त्यांच्या खणात होतं. अक्का सांगत होती, झोप नाही, छातीत धडधडतं, देवपूजेत मंत्र चुकतात. रोज सकाळी ते मला नवी शक्यता सांगत: हे पुढे धाडलं तर कार्ड येईल, कार्ड आलं तर आणखी वीस मरतील; अडवून ठेवलं तर तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मी टपाल चोरलं असं होईल. "तिकडनं बघितलं तरी मीच, इकडनं बघितलं तरी मीच," म्हणत. रविवार जवळ येत होता. चौथ्या दिवशी त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, एक पान पुन्हा पुन्हा वाचलं, आणि खणातला एक रबरी शिक्का काढला. तो शिक्का आमच्या कचेरीत त्यांनी कधी वापरू दिला नव्हता. वरची शाई वाळून तडकली होती. 'पत्ता अपुरा, परत.' नीट उठेना म्हणून दोनदा मारला, तर ठसा दुहेरी उठला. पाकीट त्यांनी स्वतः नेऊन पाठवणाऱ्याच्या हातात दिलं.

नंतर आलेली सगळी पाकिटं तशीच परत गेली. लोक चिडले. तक्रार वर गेली आणि सुपरिंटेंडेंट साहेब चौकशीला आले. त्यांनी अण्णांना माझ्यासमोरच विचारलं, "ह्याच पत्त्यावर तुम्ही आजवर इतकी पाठवलीत आणि ती पोचली. मग आता पत्ता अपुरा कसा?"

एखाद्याने सांगितलं असतं, की आधी नियम नीट वाचला नव्हता. तेवढ्याने सुटका झाली असती. साहेब माणूस चांगला होता, तो वाटच बघत होता. अण्णा म्हणाले, "पत्ता पहिल्यापासून अपुराच होता सर. तवा पोचवली, ती माझी चूक." ह्याला साहेबांच्या पुस्तकात कलम नव्हतं. तरी काहीतरी लिहिणं भाग होतं, म्हणून निष्कलंक सर्व्हिस बुकात एक ताकीद लिहिली गेली. अण्णांनी ती वाचून खाली सही केली. त्या दिवशी कुलूप लावल्यावर ते कोपऱ्यावरून परत आले नाहीत, म्हणून मीच जाऊन मेणबत्ती बघून आले.

एप्रिलात पाखरं गेली, आणि अण्णांची नवी काळजी सुरू झाली: परत येतील का? सबंध पावसाळा त्यांनी त्यात काढला. सप्टेंबर सरता सरता एका रविवारी ते एकटेच तळ्यावर गेले आणि सोमवारी मला म्हणाले, "आलीत. मळकी दिसतात, पण आलीत." मग दर रविवारी तिथे जाऊन बसणं हा त्यांचा नेम झाला. बंदूकवाले दिसले की त्यांना गाठून तास तास बोलत, भुवई कधी उगवते ते सांगत. लोक कंटाळून दुसरीकडे जात. पीटरही मित्रांना म्हणायचा, की कार्ड आता येत नाहीत, छर्रे कशाला वाया घालवता. मोठी बदकं मरतच होती, ते अण्णांच्या हातात नव्हतं. पण छोट्यांना तंगडीने उचलून फेकणं थांबलं.

असे दोन हिवाळे गेले. अण्णांच्या निवृत्तीला काही महिने उरले असताना एक पत्र आलं, रंगीत तिकिटांचं, थेट त्यांच्या नावावर. माझ्या जुन्या पत्रांखाली त्यांची सही असायची, ती कुणीतरी जपून ठेवली होती. इंग्रजी मोडकं होतं, पण अर्थ स्वच्छ होता. तुमच्याकडून एक वर्ष पुष्कळ वाळे आले, नंतर एकही नाही. तुमचं तळं आटलं का? पक्षी यायचे थांबले का? काही रोग पडला का? आम्ही इथे काळजीत आहोत, कळवावं.

मी वाचून दाखवलं. अण्णांनी पुन्हा वाचायला लावलं. "काळजीत आहोत, असं लिवलंय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "तिकडं कुणीतरी आहे गं," ते म्हणाले. आपल्यामुळे तीन हजार मैलांवर एक माणूस जिवाला घोर लावून बसलाय, हे त्यांना सहन होईना. उत्तराला चार दिवस लागले. ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजी करायची, ते खोडायला लावायचे. शेवटी जे राहिलं ते एवढंच होतं:

"पक्षी दर वर्षी येतात. तळ्यात पाणी आहे. वाळे येत नाहीत, कारण पक्षी मरत नाहीत. आपल्याला बातमी मिळते ती मेलेल्याचीच. जिवंत असलेल्याने आपली खुशाली कळवण्याची सोय आमच्या खात्यात नाही. मागे जे वाळे आले ते आम्ही मागितल्यामुळे आले, त्याबद्दल क्षमा असावी. आपल्याला पत्र येत नाही तोवर सगळं ठीक आहे असं समजावं. कृपया काळजी करू नये."

शेवटची ओळ मी लिहिली आणि मला हसू आलं, मग रडू आलं. हा माणूस दुसऱ्याला सांगत होता, काळजी करू नका. पाकिटावर पूर्ण पत्ता होता. त्यांनी तो माझ्याकडून पाच वेळा तपासून घेतला.

उत्तर आलं नाही. निवृत्तीनंतर ते दर पंधरवड्याला कचेरीत येऊन विचारत, "पोचलं असेल ना गं, सुमे?" मी म्हणायची, "पोचलं म्हणूनच उत्तर नाही. तुम्हीच लिहिलंत ना, काळजी नको म्हणून." "होय की," म्हणत आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येत. पुढच्या डिसेंबरात, भाजी आणायला म्हणून निघाले असता रस्त्यातच त्यांचं हृदय थांबलं.

फेब्रुवारीत अक्का मला म्हणाली, "एकदा मला तिथं ने." आम्ही दोघी हुणसेकेरेवर गेलो. पाणी होतं. भुवईवाली शांतपणे तरंगत होती, मधूनच तो करकर आवाज. अक्का बराच वेळ बघत होती. मग तिने विचारलं, "ह्यातल्या कुणाकुणाच्या पायात असेल गं वाळा?"

मी दुर्बीण लावली. सगळ्यांचे पाय पाण्याखाली होते.

"कळायचं नाही अक्का," मी म्हटलं.

"सरी," ती म्हणाली. "कळायला नकोच."